फॉर्मॅलिन की ग्लुटराल्डिहाइड?

ऊतकाचा तुकडा शरीराबाहेर येताच पेशी स्वतःच्याच विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळू लागतात. ते थांबवण्यासाठी बहुधा वापरतात ते १० टक्के बफरयुक्त (आम्लता स्थिर राखलेले) फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण, ज्यात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड सुमारे ४ टक्केच असते. लहान रेणूंमुळे ते ऊतकात झपाट्याने शिरते, पण प्रथिने सावकाश बांधते. म्हणूनच नमुना द्रावणातून घाईने बाहेर काढणे मला अक्षम्य वाटते. ग्लुटराल्डिहाइड या दुसऱ्या रसायनाचे नेमके उलट आहे: ते प्रथिने चटकन आणि कायमची जखडते, मात्र आत इतके हळू शिरते की तुकडा १ मिलिमीटरच्या आसपासच ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपटले पाहायची असतील तर तेच हवे. प्रतिपिंडांच्या साहाय्याने कर्करोगाचा प्रकार ओळखायचा असेल तर फॉर्मॅलिनच, कारण त्याने झाकलेले प्रतिजन (प्रतिपिंड ज्यांना चिकटतात ते रेणू) उष्णता देऊन बऱ्याच अंशी पुन्हा उघडे करता येतात.