कुत्र्याच्या ट्रेनिंगसाठी क्लिकर: कोणता घ्यावा, कसा वाजवावा

क्लिकर म्हणजे दाबलं की ‘टक्’ असा आवाज करणारं, मुठीत मावणारं छोटं साधन. बाजारात क्लिकर मुख्यतः तीन तऱ्हेचे मिळतात: आत पोलादी पट्टी असलेला चौकोनी बॉक्स क्लिकर, फुगीर बटणाचा क्लिकर आणि शिट्टी जोडलेला. शिट्टीवाला घेऊ नका. शिट्टी लांबून बोलावण्यासाठी आणि क्लिकर जवळच्या कामासाठी, त्यामुळे दोन्ही एकदम लागत नाहीत आणि ऐन वेळी बोट भलतीकडे पडतं.

आमची पहिली पसंती बॉक्स क्लिकरला. आवाज खणखणीत, मैदानातही ऐकू जाणारा. दोष एकच, पट्टी उघडी असते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, तिला गंज चढतो आणि आवाज बसतो. दुकानातच वीसेक वेळा दाबून पाहा. एकदाही आवाज चुकला किंवा बदलला तर दुसरा मागा, कारण कुत्रा ओळखतो तो नेमका आवाज.

फटाक्यांना किंवा भांड्यांच्या आवाजाला दचकणाऱ्या कुत्र्यासाठी बटणाचा घ्या. त्याचा आवाज मऊ असतो आणि बटण मोठं असल्याने पायानेही दाबता येतं. घरात बॉक्स क्लिकरच असेल तर सुरुवातीला तो मोज्यात गुंडाळून वाजवा. कुत्र्याच्या कानाजवळ कधीच वाजवू नका.

आता वापर. क्लिक म्हणजे ‘हेच बरोबर, खाऊ येतोय’ अशी खूण. पहिल्या दिवशी काहीही न शिकवता क्लिक करा आणि लगेच खाऊ द्या, असं दहा-पंधरा वेळा. मग कुत्रा दुसरीकडे बघत असताना वाजवा. मान झटकन वळली तर खूण पक्की झाली.

‘बस’ शिकवताना कुत्र्याचं बूड जमिनीला टेकतं त्याच क्षणी क्लिक पडला पाहिजे. एका सेकंदाचा उशीर झाला तर तोवर तो उठायला लागलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. ‘माझा कुत्रा बसतो आणि लगेच उठतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. उपाय सोपा आहे: कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवून कुणाला तरी चेंडू टाकायला सांगा आणि तो जमिनीला लागताच क्लिक करायचा सराव करा. दुसरी चूक हाताची. क्लिकच्या आधीच हात खाऊकडे गेला तर कुत्रा हाताकडे बघत राहतो, आवाजाला अर्थच उरत नाही. आधी क्लिक, मग हात.

एक क्लिक, एक खाऊ. चुकून वाजला तरी द्यायचाच. दहापैकी आठ वेळा जमू लागलं की ‘बस’सारखा हुकमाचा शब्द जोडा. काम पक्कं झालं की क्लिकर बाजूला ठेवा आणि खाऊ अधूनमधून द्या. क्लिक करून खाऊ न देणं मात्र नको, त्याने खूण पुसली जाते.

खाऊ वाटाण्याएवढा हवा. मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेलं चिकन किंवा पनीर उत्तम. रोजची पोळी बहुतेकांना पुरेशी मोहात पाडत नाही. बेदाणे आणि चॉकलेट विषारी, ते अजिबात नकोत. खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा. एका वेळी पाच मिनिटं पुरे.

पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला चारही पाय जमिनीवर असताना क्लिक करा, खाऊही खाली जमिनीवरच ठेवा. उडीकडे दुर्लक्ष केलं की पहिले काही दिवस उड्या वाढतात. नेमक्या तेव्हाच आजोबांनी ‘असू दे रे’ म्हणत थोपटलं तर कुत्रा शिकतो की आणखी जोर लावला की जमतं. म्हणून घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा. चावणाऱ्या किंवा अचानक स्वभाव बदललेल्या कुत्र्याला आधी पशुवैद्याकडे न्या; दुखणं असेल तर क्लिकर ते बरं करणार नाही.

साधन म्हणून क्लिकरबद्दल शंका नको. टांझानियात अपोपो संस्था भूसुरुंग हुंगणाऱ्या उंदरांना क्लिक आणि खाऊ देऊनच तयार करते. त्यांच्यातल्या मगावा उंदराला कंबोडियातल्या कामासाठी 2020 मध्ये पीडीएसए या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं सुवर्णपदक मिळालं.

क्लिकर महागडा घेण्यात अर्थ नाही. उरलेले पैसे कमरेला लावायच्या ट्रीट पाऊचवर, म्हणजे खाऊच्या पिशवीवर घाला. चेनचा नको, दर वेळी उघडण्यात वेळ जातो. लोहचुंबकाने मिटणारा आणि आतून धुता येणारा घ्या, नाहीतर चिकनचा वास दोन दिवसांत घरभर होतो.