बोगद्यासाठी मापाप्रमाणे बनवलेले जीआरपी चेंबर: डबा चांगला, काळजी पाण्याची आणि झाकणाची

बोगद्यातल्या पदपथाखालून वीज, सीसीटीव्ही आणि फायबरच्या केबल जातात. तिथे विटांचं चेंबर, म्हणजे केबल ओढायला-जोडायला जमिनीखालचा कप्पा, बांधायला जागा नसते आणि वाहतूक बंद ठेवायला वेळही मिळत नाही. अशा ठिकाणी जीआरपीचे, म्हणजे फायबरग्लासचे तयार चेंबर फार सोयीचे पडतात. १ × १ मीटर आणि १.२ मीटर खोल डबा चार माणसं हातानं उतरवतात. तेवढ्याच काँक्रीटच्या चेंबरला हायड्रा क्रेन लागते. डक्टची, म्हणजे केबल नेणाऱ्या पाइपांची भोकंही कारखान्यातूनच पाडून मिळतात.

माप केबलवरून ठरवा, कॅटलॉगवरून नको. तीन कोअरच्या (आत तीन तारा असलेल्या) ११ केव्ही, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या एक्सएलपीई (प्लास्टिक आवरणाच्या) केबलला वळणाची त्रिज्या व्यासाच्या साधारण १५ पट धरतात. ७० मिमी व्यासाला १,०५० मिमी झाले, म्हणजे काटकोनात वळवायला १ मीटरचं चेंबर अपुरंच.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते डबा तरंगण्याकडे. कोकणात पावसाळ्यात बोगद्याच्या तोंडाशी भूजल वर आलं की वर सांगितलेला डबा १.२ टन जोरानं उचलला जातो. त्याचं स्वतःचं वजन जेमतेम शंभर किलो. भोवती १५० मिमी काँक्रीट ओतलं तर ते ०.८३ घनमीटर भरतं आणि पाण्याखाली १.१६ टन तोलतं. एवढ्यानं फक्त बरोबरी साधते. खाली १५० मिमीचा स्लॅब घेऊन तो सळयांनी बाजूच्या काँक्रीटला बांधला की आणखी ०.३५ टन मिळतात. हा स्लॅब ड्रॉइंगवर दाखवाच. काँक्रीट ओतताना आतून टेकू द्या आणि थर थोडे थोडे घ्या, नाहीतर ओल्या काँक्रीटच्या दाबानं भिंती आत फुगतात आणि झाकणाची फ्रेम बसत नाही.

झाकण वाहनांच्या लेनमध्ये येणार असेल तर ईएन १२४ या झाकणांच्या युरोपीय मानकाचा डी४००, म्हणजे ४०० किलोन्यूटनचा वर्ग हवा. दोन त्रिकोणी पाळ्यांच्या झाकणात प्रत्येक पाळी तीन बिंदूंवर टेकते, त्यामुळे झाकण खडखडत नाही. फ्रेमचा भार चेंबरभोवतीच्या काँक्रीटच्या कॉलरवर (कड्यावर) जाऊ द्या. जीआरपीच्या काठावर आला तर काठ चिरतो. फ्रेमखालच्या मॉर्टरमध्ये पोकळी राहिली, की मॉर्टर चुरतो आणि झाकण हलू लागतं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती चेंबरमध्ये साचते. म्हणून रिकाम्या डक्टनाही सील हवं. आगीत जीआरपीचा किती धूर होतो, याचा चाचणी अहवाल मागून घ्या.

पदपथाखाली हेच चेंबर घ्यावं. लेनखाली मात्र प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटचंच बरं.