बिलिंगचं सॉफ्टवेअर चांगलं होतं पण अकाउंट बंद करताना घाम काढला (३ वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू)

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहीत नाही. एकतर उगाच वाद नको आणि दुसरं म्हणजे मी बाजारपेठेतल्या दोन-तीन दुकानदारांना विचारलं तर प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं निघालं पण बंद करतानाची रड सगळ्यांची सेमच, मग नाव घेऊन काय करायचंय.

आमचं कराडला हार्डवेअर आणि प्लंबिंगचं दुकान आहे. अण्णांच्या काळात लाल कापडाच्या वह्या, रोजकीर्द, खतावणी सगळं हातानं. २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, मी मुहूर्त साधून ऑनलाइन बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. वर्षाला ६,४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,६६८ रुपये ८२ पैसे. यूपीआय ऑटोपे, म्हणजे दरवर्षी पैसे आपोआप कापायची परवानगी, लावला की काहीतरी मेसेज फ्री होते म्हणून लावला, तेव्हा कोण विचार करतं.

सॉफ्टवेअर चांगलं होतं हे आधी कबूल करतो. पाऊण इंची एल्बो (पाइप वळवायचा तुकडा) टाइप केलं की जीआय म्हणजे लोखंडी, सीपीव्हीसी, यूपीव्हीसी हे प्लास्टिकचे, तिन्ही प्रकार रेटसकट समोर, स्टॉक किती शिल्लक तेपण. उधारीवाल्यांना आपोआप मेसेज जायचा त्यामुळं तोंड वाईट करावं लागत नव्हतं, एका प्लंबरची दोन वर्षांची बाकी तर त्या मेसेजवरच वसूल झाली. सोडायचं कारण एवढंच की आमचे सीए टॅली ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर काम करतात, दर महिन्याला आम्ही एक्सेल पाठवायची आणि त्यांच्या ऑफिसातल्या पोरानं परत सगळ्या एंट्र्या मारायच्या, त्याचे वेगळे पैसे. म्हणून १ एप्रिल २०२५ पासून आपणपण टॅलीवर जायचं ठरलं.

आता माझा गाढवपणा ऐका. ३१ मार्चला रात्री शेवटचं बिल मारलं आणि मोबाईलमधून ॲप उडवलं. झालं, बंद केलं म्हणून निवांत झोपलो. सकाळी दुकान उघडतोय तर मेसेज, उद्या तुमच्या खात्यातून ७,६६८.८२ कापले जाणार. बायको म्हणाली एप्रिल फूल असेल. म्हटलं बँक कशाला एप्रिल फूल करेल.

ॲप काढल्यानं काहीच बंद होत नाही हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. फोनमधलं ॲप वेगळं, प्लॅन वेगळा, ऑटोपेला आपण दिलेली परवानगी वेगळी आणि त्यांच्याकडचं अकाउंट ते चौथंच, आणि चारही वेगवेगळे बंद करावे लागतात. ऑटोपे १५,००० च्या आतला असला तर दरवर्षी कापताना पिनसुद्धा मागत नाही. वाचवलं ते त्या मेसेजनं, कारण पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज बघायची सवय ठेवा, लोनच्या जाहिरातींच्या गर्दीत सहज जातो.

मग बसलो वेबसाइटवर. मोबाईलवर बंद करायचा ऑप्शनच नाही, कॉम्प्युटरवरूनच करायचं. घेताना मात्र मोबाईलवर दोन टिचक्यांत घेतलेलं. सेटिंग, मग माय प्लॅन, मग खाली फिक्कट राखाडी अक्षरात एक ओळ, मी आधी ती जाहिरात समजलो. त्यावर दाबलं की का जाताय, मग ४० टक्के सूट घ्या, मग तीन महिने थांबवून ठेवा, आणि मग मोठ्या अक्षरात ‘तुमचे ३१४ ग्राहक तुम्हाला मिस करतील’. अहो ग्राहक माझे आहेत, ते दुकानात येतात, पाइप घेतात, तुम्हाला कशाला मिस करतील! आणि खाली दोन बटणं, एक हिरवं ‘हो, मला राहायचंय’ आणि दुसरं, शपथेवर सांगतो, ‘नको, मला धंदा वाढवायचा नाही’. पाडवा होऊन दोन दिवस झालेत, वर लक्ष्मीचा फोटो, शेजारी अण्णा, आणि मी त्यांच्यासमोर ते बटण दाबलं.

दाबल्यावर काय, तर रिन्यूअलच्या ७ दिवस आधी विनंती द्यायला हवी होती. हे कुठल्यातरी अटींमधल्या कोपऱ्यात.

पंधरा मिनिटांत फोन. पोरगा बोलायला गोड होता, कोल्हापूरकडचा वाटला.
“दादा, काय अडचण झाली? आपण सोडवू की.”
“अडचण काही नाही, बंद करायचंय.”
“दादा, बंद कशाला, यंदाचं जाऊ द्या, पुढच्या वर्षी बंद करू.”
“पैसे यंदाचे जाणार ना पण!”
“ते सिस्टिमनं जातात दादा, माझ्या हातात नाही.”
त्याच्यावर राग नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं. अण्णा शेजारी बसून ऐकत होते, म्हणाले, आमच्या वेळी उधारीवालं गिऱ्हाईक दुकान चुकवून पलीकडच्या गल्लीनं जायचं, आता दुकानदारच गिऱ्हाइकाला गल्लीतनं बाहेर पडू देईना.

शेवटी सीएंच्या ऑफिसातल्या पोरानं सांगितलं, कंपनीशी भांडत बसू नका, तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून असतं तिथं जा. गेलो. लिस्टमध्ये कंपनीचं नाव, रक्कम, तारीख सगळं होतं. कॅन्सल दाबलं, पिन टाकला, संपलं. अर्धा मिनिट. ह्यासाठी मी सकाळपासून दोन गिऱ्हाइकं उभी ठेवली होती. कार्डावरून कापत असेल तर हेच बँकेच्या बाजूनं करता येतं.

पण खरी मजा पुढं. पैसे जाणार नाहीत म्हणजे प्लॅन २ तारखेला संपणार, आणि प्लॅन संपला की जुनी बिलं फक्त बघायची, डाउनलोड बंद. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात, आणि तीन वर्षांची बिलं सगळी त्यांच्याकडं. रजिस्टर एक्सेलमध्ये एका दमात आलं, ते चांगलं केलंय. बिलांच्या पीडीएफ मात्र एका वेळी एकाच महिन्याच्या. ३६ महिने. त्यात मार्चला सगळ्यांचीच बांधकामं निघतात, तिन्ही मार्चच्या फाइली निम्म्यातच अडकायच्या. दुकान बंद केल्यावर मी आणि बायको बसलो, ती महिना निवडणार मी फोल्डरात टाकणार, रात्री दीडपर्यंत. पार्टीवाइज बाकी वेगळी उतरवली, खरेदीच्या बिलांचे काढून ठेवलेले फोटो वेगळे. तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर बंद करणार असाल तर आधी हे करा, शांतपणे, महिनाभर आधी, आमच्यासारखं नको.

२ तारखेला अकाउंट डिलीटची विनंती टाकली. ३० दिवसांनी कायमचं डिलीट होईल म्हणून मेल आला. मे महिन्यात ३ तारखेला सहज बघितलं तर लॉगिन होतंय! सगळं जागच्या जागी. चौकशी केली तर म्हणे ११ एप्रिलला तुम्ही लॉगिन केलं, ३० दिवसांच्या आत लॉगिन झालं की विनंती आपोआप रद्द होते. मी कुठं केलं? तर गोडाऊनवरच्या पोराच्या फोनवर ॲप चालूच होतं, त्यानं सवयीनं टाकी किती शिल्लक बघायला उघडलं. त्याला बोलून उपयोग नाही, मीच सांगितलं नव्हतं. पण विनंती रद्द झाली हे कळवायचा एक मेल नाही? ४० टक्के सूट कळवायला नऊ मेल आलेत, मोजलेत मी.

तेव्हा जरा डोकं फिरलं. शोधलं तर कळलं की केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे वेबसाइट-ॲपवर गिऱ्हाइकाला फसवून अडकवायच्या युक्त्यांबद्दल, नियमावली काढलीय, १३ प्रकार दिलेत, त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप हा प्रकार नावानं आहे, म्हणजे बंद करायचा मार्ग लपवणं, अवघड करणं वगैरे. आणि ते धंदा वाढवायचा नाही वालं बटण, तोपण त्यातलाच दुसरा प्रकार, कन्फर्म शेमिंग, म्हणजे नको म्हणणाऱ्याला लाजवायचं. मी एकटाच नाही म्हणजे. वेबसाइटच्या तळाला ग्रीव्हन्स ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्याचा, मेल होता, तिथं तारखा, स्क्रीनशॉट आणि हे दोन शब्द घालून लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, एकदम सर वगैरे.

परत ४ मेला विनंती. यावेळी आधी सगळ्या फोनमधून लॉगआउट, पासवर्ड बदलला, गोडाऊनच्या फोनमधून ॲप माझ्यासमोर काढायला लावलं. ३ जूनला डिलीट झाल्याचा मेल आला, प्रिंट काढून फाइलला लावलाय.

रेटिंग द्यायचं तर बिलिंगला ४ स्टार, सोडताना १, तोपण त्या एक्सेलसाठी. घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण ऑटोपे लावू नका, दरवर्षी हातानं भरा, दोन मिनिटं लागतात.

पीडीएफवाला पेनड्राइव्ह अण्णांनी त्यांच्या लाल वह्यांच्या कपाटात ठेवलाय. २०२४-२५ चं वार्षिक रिटर्न डिसेंबर २०२५ चं, तिथून ७२ महिने, हिशोब त्यांनीच बोटांवर केला आणि पाकिटावर पेनानं लिहिलं, ‘३१ डिसेंबर २०३१ पर्यंत टाकू नये’.