माही माहीचा तयार ट्रोलिंग सेट: गळ एक नंबर, क्रिम्प मात्र बदलून घ्या

माही माही हा समुद्री मासा ट्रोलिंगने, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत, पकडायच्या सहा तयार रिगचा (गळ-दोऱ्याची बांधलेली जुळणी) हा सेट तीन ट्रिपला वापरून झाला म्हणून लिहितोय. प्रत्येक रिगला ७/० मापाचा गळ, ८० पाऊंड ताण झेलणारा मोनो लीडर (गळाजवळचा जाड नायलॉनचा दोरा), आमिष अडकवायची पिन, तांब्याची बारीक तार आणि वर रंगीत स्कर्ट (झालर). गळाला धार खरंच जबरदस्त आहे, नखावर टेकवला की तिथेच अडकतो, घसरत नाही.

पण क्रिम्प, म्हणजे लीडर पक्का करायला दाबलेली धातूची छोटी नळी (स्लीव्ह)! दुसऱ्या ट्रिपला चांगला मोठा नर लागला, चौकोनी कपाळाचा, दोन उड्या मारल्या आणि तिसऱ्या उडीला लाईन एकदम सैल. लीडर बाहेर काढून बघितला तर स्लीव्हच्या तोंडाशीच तुटलेला. स्लीव्ह दाबताना दोन्ही टोकं थोडी मोकळी सोडायची असतात, म्हणजे तोंड फुलासारखं उघडं राहतं आणि कड मोनोला लागत नाही. इथे पार कडेपर्यंत दाबलंय. उरलेल्या पाच रिग तपासल्या तर तिघांच्या मोनोवर पांढरा ओरखडा होता, फार वाईट वाटलं. आता सगळे क्रिम्प मी स्वतः परत मारलेत, तुम्हीपण घेतलात तर पाण्यात टाकायच्या आधी हे करा प्लीज.

पिनची जागा बरोबर आहे, आमिषाच्या बॅलीहूच्या (लांब चोचीचा छोटा मासा) दोन्ही जबड्यातून नीट वर येते आणि तार मऊ असल्याने चोचीवर घट्ट बसते. पण गळ कुठून बाहेर काढायचा ते तुम्हालाच बघावं लागणार. गळ माशाच्या बाजूला धरून त्याचा बाक कुठे येतो ते बघायचं आणि पोटाच्या बरोबर मध्यरेषेवर तिथेच भोक पाडायचं. थोडं जरी मागे गेलं तरी मासा कुबड काढतो आणि पाण्यात गरगर फिरतो, मग लीडरला पीळ पडतो आणि फिरणाऱ्या आमिषाकडे माही माही सहसा बघतपण नाही. आधी मासा दोन्हीकडे वाकवून कणा सैल करा, पोट मागच्या बाजूला दाबून रिकामं करा. मीठ आणि खाण्याच्या सोड्यात मुरवून ठेवलेला असेल तर सहा-सात नॉटच्या स्पीडलापण लवकर फाटत नाही. आणि लाईन लांब सोडायच्या आधी बोटीजवळच घडीभर पोहताना बघा, सरळ जात नसेल तर लगेच ओढून भोक मोठं करा.

वायर लीडर दिलेला नाही ते मला पटलं, माही माहीचे दात बारीक असतात, मोनो पुरतो. वाहू (धारदार दातांचा मोठा मासा) आला तर मोनो कापून जाईल, पण त्यासाठी सगळ्या लाईनला वायर लावली तर माही माही कमी लागतात असा माझा अनुभव.

एक गोष्ट सेटमध्ये हवीच होती, ४/० किंवा ५/० चे दोन-चार साधे गळ. वाहत्या शेवाळाच्या पट्ट्याखाली थवा सापडला की पहिला लागलेला मासा पाण्यातच ठेवायचा, बाकीचे त्याच्याभोवती येतात, आणि तेव्हा ही जड रिग उपयोगाची नाही. तिथे बिनवजनाच्या गळाला स्क्विडचा तुकडा लावून हलक्या रॉडने टाकायचा. ते गळ वेगळे घ्या आणि लीडर बांधून तयार ठेवा, थवा बोटीजवळ आल्यावर गाठी मारायला वेळ मिळत नाही.