शिक्षा भोगून आल्यावर भाड्याची खोली: शहरात की वाडीत?
मावसभाऊ सुटून आला तेव्हा त्याच्यासाठी आम्ही दोन्हीकडे हिंडलो. रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ खोली असली की पहाटे बंदरावर चालत पोचता येतं, हा मोठा फायदा. पण डिपॉझिट, दलाली, वर सोसायटीवाल्यांच्या चौकश्या. दोनदा चावी हातात येता येता राहिली. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची म्हटलं की मालकच कचरतात. शिक्षा झालेल्याला घर देऊ नये, असा त्याचा अर्थ नाही, हे त्यांना शांतपणे सांगावं लागतं.

पावस गावाकडच्या वाडीत चिऱ्याची खोली, वर कौलं, मागे न्हाणी. भाडं निम्म्याहून कमी. घरमालकीण आजीने एवढंच विचारलं, "कोणाचो रे तू?" वाडीत काही लपत नाही, म्हणून त्याने सगळं आधीच सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसली, मग किल्ली आणायला आत गेली. पहाटेच्या एसटीची पंचाईत आहेच, तरी मी वाडीच्या बाजूने.

करार मात्र दोन्हीकडे नोंदवाच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी फी शहरात १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. तोंडी बोलीवर राहिलेल्या माणसाला कुजबूज सुरू झाली की रातोरात सामान उचलायला लावतात.