डीप क्लिनिंगचे पैसे घेतले, केलं साधं स्केलिंग

आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं. मधुमेह जुना, त्यात सकाळची मिश्री काही सुटत नाही. हिरड्यांना दोन्ही वाईटच. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका चकाचक दवाखान्यात नेलं. तोंडात कॅमेरा घालून समोरच्या टीव्हीवर दाढेचं कीटण एवढं मोठं दाखवलं, की धडधाकट माणूसही घाबरावा. डॉक्टर लगेच उठून गेले. पुढचं सगळं काउन्सेलर बाईंनी सांगितलं. "मावशी, पायरिया हाडापर्यंत गेलाय. आत्ता नाही केलं तर दात हातात येतील." आई म्हणाली, "समदं पडतील व्हय?" मग चारही क्वाड्रंटचं, म्हणजे वर-खाली, डावी-उजवीकडे अख्ख्या तोंडाचं, लेझर डीप क्लिनिंग सांगितलं. २८ हजार, आजच भरले तर २२. भरले.

अर्ध्या तासात अख्खं तोंड उरकलं. भुलेचं इंजेक्शन नाही, एक्स-रे नाही, साखरेचा रिपोर्ट बघितला नाही. शेवटी एक लाल दिव्याची कांडी हिरड्यांवरून फिरवली, तेच लेझर म्हणे. पावतीवर फक्त 'डेंटल ट्रीटमेंट'.

रक्त थांबलं नाहीच. मग शाहूपुरीत एम.डी.एस. झालेल्या हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद घातली. एकेका दाताला सहा ठिकाणी मोजून आकडे सांगत गेले, असिस्टंट लिहीत गेली. तीनपर्यंत ठीक, चारपासून लक्ष द्यायचं. आईच्या मागच्या दाढांना सहा आणि सात निघाले. एक्स-रेत हाड झिजलेलं दिसत होतं. "वरचं कीटण काढलंय, हिरडीखालचं तसंच आहे," म्हणाले. म्हणजे साधं स्केलिंग झालं होतं. डीप क्लिनिंगमध्ये हिरडीखाली शिरून मुळावरचं कीटण खरवडायचं असतं. सहा-सात मिलिमीटर आत भूल न देता कोण सहन करील?

त्यांनी आधी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करायला लावली. मग एक बाजू बधिर करून साफ केली, दुसरी पुढच्या वेळी. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं, बरेच आकडे उतरले होते. झिजलेलं हाड याने परत येत नाही, दात काही दिवस झिणझिणतील आणि दर तीन महिन्यांनी दाखवावं लागेल, हेही आधीच सांगितलं होतं. (सफाईनं दात हलायला लागतात असं आमच्या गल्लीत सगळे सांगतात. हाड आधीच गेलेलं असतं, कीटण निघालं की ते कळतं एवढंच.)

पहिल्या दवाखान्यात पैसे परत मागितले तर "पेशंटनं ब्रश नीट केला नाही" असं उत्तर मिळालं. केसपेपरची प्रत मागितली, ती बरीच टोलवाटोलवी करून मिळाली. त्यातल्या हिरड्यांच्या मोजमापाच्या चार्टवर सगळ्या दातांना ओळीनं ५, ५, ५. ३६ नंबरलाही ५. ३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ, आणि आईची ती दाढ कागलला कधीचीच काढलेली आहे! नसलेल्या दाढेभोवतीची हिरडी यांनी कशानं मोजली?

तो चार्ट, पावती आणि नवे एक्स-रे लावून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. कुणाला त्या पहिल्या दवाखान्यात डीप क्लिनिंग सांगितलं असेल तर पैसे भरायच्या आधी चार्ट मागा, आणि काढलेल्या दातांसमोर काय लिहिलंय ते आधी बघा.