ॲक्टिव्हिटी बॉक्स सहा महिने वापरला: कल्पना चांगल्या, पण चिकटत काहीच नाही

काल रात्री स्नोमॅनची टोपी परत पडली. तिसऱ्यांदा. चिऊ (वय साडेचार) ती टोपी मुठीत धरूनच झोपली आणि सकाळी डोळे उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न, "आई, आता चिकटेल का?" आणि त्याच वेळी मोबाईलवर मेसेज, की सातव्या बॉक्सचे ८९९ रुपये खात्यातून गेले. जो बॉक्स नको म्हणून मी बावीस दिवस आधी सांगून ठेवलं होतं. म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसलेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असे दर महिन्याला घरी येणारे, मुलांसाठीचे थीमवाले बॉक्स आता बरेच जण काढतात आणि मला जे सांगायचंय ते यातला कुठलाही घेताना उपयोगी पडेल.

बॉक्समध्ये काय असतं ते तुम्हाला माहीतच असेल. महिन्याला एक थीम, चार क्राफ्ट, दोन खाऊची कार्डं, एक कोडं, एक-दोन शिकायचे खेळ. आम्ही जून ते नोव्हेंबर घेतला, सहा महिन्यांचे ५,३९४ रुपये झाले. पाऊस, शेत, फुलपाखरं, समुद्र, अवकाश आणि हिवाळा अशा थीम आल्या. लाकडी कोड्यावर आयएसआय मार्क होता, तो मी मुद्दाम बघते, कारण १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आपल्याकडे तो बंधनकारक आहे. कात्री बोथट टोकाची, रंग हाताला लागले तर साबणानं निघतात, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती गोंदाची. दर बॉक्समध्ये एक छोटी बाटली, पांढरा पातळ गोंद. पहिल्या महिन्यात छत्रीची दांडी लावली, पडली. बेडकाचे डोळे लावले, घसरत घसरत पोटावर आले. चिऊ रडली नाही, ती नुसती उठून गेली, आणि मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं. या वयाच्या पोराला कागद कापायला, रंगवायला, चुरगळायला सगळं आवडतं, पण चिकटवलेलं हातात उचलून बाबांना दाखवायला पळता आलं पाहिजे, तेवढ्यासाठीच तर ते सगळं चाललेलं असतं. तिथं "थांब, हात लावू नको, वाळू दे" असं दहा मिनिटं म्हणत बसलं की तो खेळ संपला. पुढच्या कार्डावर कितीही सुंदर चित्र असू दे.

कस्टमर केअरला फोन केला तर "मॅडम, दहा मिनिटं दाबून धरा" असं उत्तर. साडेचार वर्षांची मुलगी दहा मिनिटं दाबून धरणार? मग मीच धरायची, एका हातात बेडूक आणि गॅसवर आमटी. दुसऱ्यांदा तक्रार केल्यावर त्यांनी गोंदाच्या तीन बाटल्या फुकट पाठवल्या, तोच गोंद. शेवटी घरातला फेविकॉल काढला. तोही पकडेना! तेव्हा खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी तोपर्यंत गोंदावरच चिडलेली होते आणि दोन स्टारचा रिव्ह्यू टाकून मोकळी झाले.

तो रिव्ह्यू मी नंतर बदलला, का ते सांगते. गौरी-गणपतीला माझी आई आली होती. आई आमची बत्तीस वर्षं अंगणवाडी सेविका, आणि तिचे वडील म्हणजे माझे आजोबा इथं कोल्हापुरातच बुक बाइंडिंग करायचे, त्यामुळे कागद, पुठ्ठा, खळ (मैदा शिजवून केलेली चिकी) या गोष्टी तिच्या हातातल्या. तिनं ज्यावर चिकटवायचं ते क्राफ्टचं कार्ड घेतलं, नखानं खरवडलं आणि म्हणाली, "अगं, गोंदाला काय शिव्या देतेस, कार्डावर प्लास्टिकचा थर आहे." विषय तिथंच संपला. पांढरा गोंद चिकटतो तो त्यातलं पाणी कागदात मुरून आणि उडून जातं तेव्हा. चकचकीत लॅमिनेशन असलं की पाणी मुरायला जागाच नाही, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन असलं तर आणखी वाईट, मधे गोंद ओलाच्या ओला बसून राहतो. म्हणजे गोंद वाईट नव्हता. कार्ड दिसायला छान, पुसता येणारं केलेलं, आणि सोबत दिलेला गोंद त्या कार्डावर चालणारच नाही असा. हे बॉक्स तयार करणाऱ्याने एकदा स्वतःच्या पोराबरोबर बसून करून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

उपाय सोपा आहे. जिथं चिकटवायचंय तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, चकाकी गेली पाहिजे. घासायचं काम पोरांना द्या, चिऊला क्राफ्टपेक्षा तेच आवडतं. आणि गोंदाऐवजी खळ. दोन चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळी न होता कालवायचा, मग मंद गॅसवर ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन थोडं पारदर्शक, दाटसर झालं की उतरवायचं. खळ वाळायला वेळ घेते हे खरं, पण लावल्या लावल्या कागद धरून ठेवते, घसरत नाही, आणि आपल्याला हवंय तेच. आकाशकंदील, पतंग सगळे यावरच झालेत. आजोबा खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, पुस्तकाला कीड लागू नये म्हणून. ते विषारी असतं, पोरांच्या खळीत चुकूनही घालू नका. बिनमोरचुदाची खळ फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, वास बदलला की टाकून द्यायची.

खाऊच्या कार्डांबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. फुलपाखरांच्या बॉक्समधे अळी करायला दिलीय, टूथपिकमधे अख्खी द्राक्षं ओवून. वयोगट लिहिलाय ३ ते ६. अहो, पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खं द्राक्ष देत नाहीत, गोल आणि गुळगुळीत, घशात बरोबर बसतं. उभे काप करून चार तुकडे करायचे, आडवे नाही. शेंगदाणेही या वयात अख्खे नकोत, कूट करून द्या. हे मी त्यांना लिहून पाठवलं तर "आपली सूचना टीमला कळवली आहे" एवढंच, आणि आजही त्यांच्या साईटवर तोच फोटो आहे. गोंदावर मी चिडले पण यावर घाबरले, त्यामुळे आधी हे वाचा मग बॉक्स उघडा.

आणि सामान तरी कसलं सांगतात! सेलरी, ब्लूबेरी. कोल्हापुरात मंडईत सेलरी विचारली तर भाजीवाल्या मावशींनी कोथिंबीर पुढं केली. मग आम्ही थीम त्यांची आणि खाऊ आपला असं सुरू केलं. पावसाला छोट्या इडल्यांचे ढग, खाली बारीक शेवेच्या सरी. समुद्राला काकडीच्या चकत्यांचे मासे. अवकाशाला भाकरीच्या पिठाचे छोटे-छोटे ग्रह, ते तव्यावर चिऊनं स्वतः टाकले (मी हात धरला होता). हा खाऊ संपतो, कार्डावरचा ताटात राहतो.

शेताच्या बॉक्सचं तर सांगायलाच हवं. त्यात लाल रंगाचं लाकडी कोठार, बुजगावणं आणि टर्की. चिऊ त्या कोठाराकडं बघून विचारते, "हे कुणाचं घर?" त्याच आठवड्यात आमच्याकडं बेंदूर (बैलांचा सण) होता. कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणलेली, देवापुढं ठेवलेली, पुरणपोळीचा वास घरभर. पोरगी पुठ्ठ्याचं कोठार सोडून बैलांना झूल करायला बसली. मी त्यांच्याच बॉक्समधला रंगीत कागद तिला दिला, टिकल्या दिल्या, लोकरीचे गोंडे केले. सहा महिन्यांतली सगळ्यात चांगली दुपार ती. आणि मातीच्या पाठीवर झूल पहिल्या झटक्यात चिकटून बसली, कारण कच्ची माती पाणी ओढून घेते.

आई म्हणते बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. महागडी माँटेसरी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणायची, म्हणून पानं, बिया, शंख-शिंपले, काड्या घेऊन पोरांना मोजायला, लावायला, ओळखायला शिकवलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. आईच्या अंगणवाडीत मोजणी चिंचोक्यांवर चालायची. बॉक्समधे त्याच कामासाठी प्लास्टिकचे वीस तारे आलेत. चिंचोका हातात फिरवायला गुळगुळीत, एका बाजूनं घासून पांढरा केला की फासा म्हणून टाकायलाही होतो, तो तारा नुसताच तारा.

पण एक गोष्ट मनापासून आवडली तीही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. पहिल्याच बॉक्समधे "जादूची पावडर" म्हणून पुडी होती. पाण्यात कालवून कागदाला फासायची, वाळवायची, मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर चित्र काढायचं. चिऊनं पुडी फोडली, वास घेतला आणि ओरडली, "ही तर हळद!" हळदच होती. आणि पिवळ्या कागदावर साबणाची रेघ लालभडक उठली. वर लिंबू पिळलं की परत पिवळी. ती तोंड उघडं ठेवून बघत राहिली, मग घरातली प्रत्येक गोष्ट त्या कागदावर लावून बघितली, दही, चहा, खायचा सोडा, सासूबाईंचा पानाचा चुना. चुन्याला लाल झालं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं की कुंकू असंच करायचे, हळदीला चुन्याचं पाणी देऊन. पुढं जास्वंदीच्या फुलाचं पाणी करून पाहिलं, लिंबानं गुलाबी-लाल आणि सोड्यानं हिरवट. एवढं सगळं एका पुडीतून निघालं. हळद माझ्याच डब्यात होती, पण दुपारी तीन वाजता मला हे सुचलं नसतं, आणि त्या सुचण्याचे पैसे द्यायला माझी ना नाही.

म्हणून हिशोब असा. गेल्या महिन्यात मी बॉक्समधलं सगळं सामान घेऊन स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि तेवढंच भरून घेतलं, कोडं सोडून २४० रुपये झाले. उरलेले कार्डावरच्या कल्पनांचे आणि कोड्याचे. पहिले दोन-तीन महिने ते वसूल होतात, कारण आपल्यालाच सवय लागते की एक विषय धरायचा आणि त्यातच खाऊ, चित्र, मोजणी सगळं बसवायचं. पुढं गरज पडत नाही. घ्यायचाच असेल तर तीन महिन्यांचा घ्या, आणि आधी कार्डाला नख लावून बघा.

पैशांचं राहिलं. बंद करायचा मेल पाठवून त्यांच्या उत्तराची वाट बघत बसू नका, मी तीच चूक केली. यूपीआयवरून ऑटोपे दिला असेल तर आपल्याच ॲपमधे ऑटोपे किंवा मॅन्डेट म्हणून भाग असतो, तिथून आपल्याला स्वतःला रद्द करता येतो. मी आज तो केला. गेलेले ८९९ परत मागितलेत, सात दिवसांत येतील म्हणालेत, आले की इथं लिहीन, नाही आले तरी लिहीन.

टोपी आत्ता घासून खळीनं लावलीय आणि वर तूरडाळीचा डबा ठेवलाय. चिऊ शेजारी पाट घेऊन बसलीय, अजून डबा उचललेला नाही.